तुझा हात बिघडला नव्हता, बाबल

बाबल, परवा तुझं तेरावं झालं. जेवणं आटोपल्यावर मंडळी तुझ्या घरापुढच्या खळ्यात सुपारी कातरत बसली होती आणि तुझ्याबद्दल बोलत होती. कुणी म्हणालं, अख्ख्या वेंगुर्ल्यात बंद पडलेलं घड्याळ बाबलाच्या टेबलावर गेलं की आपणहून चालायचं. कुणी म्हणालं, माणूस फार सरळ. मग कुणीतरी सॅक्सोफोनचा विषय काढला, तेव्हा आपल्या बँडमधला ट्रंपेटवाला आवाज खाली आणून म्हणाला, "शेवटी शेवटी हात ऱ्हवलो नाय तेचो. घड्याळां ठीक. पन वाद्य तेच्याकडे देवचां न्हय."

दोन-तीन माना हलल्या. मी तिथंच होतो. माझ्या हातात अडकित्ता होता. मी सुपारी कातरत राहिलो.

म्हणून हे लिहायला बसलोय. हायस्कुलात बावीस वर्षं क्लार्की केली, लोकांचे किती अर्ज, किती दाखले लिहिले. तुला मात्र कधी चिठ्ठीसुद्धा लिहायची वेळ आली नाही. तुझं दुकान माझ्या शाळेच्या वाटेवर होतं. जे बोलायचं ते जाता-येता फळीपाशी उभं राहून बोलत होतो. त्यातलं एकच मागे राहिलं.

आपली ओळख झाली ती एक स्प्रिंग तुटली म्हणून. शिरोड्याला लग्न होतं, बँडची गाडी सुटायला तासभर होता आणि माझ्या सॅक्सोफोनच्या एका चावीचं झाकण लोंबायला लागलं. वाद्य बँडच्या मास्तरांचं, मी नुसता वाजवणारा. एवढा बारीक स्क्रू फिरवायचं हत्यार गावात घड्याळवाल्याकडेच असणार म्हणून तुझ्याकडे धावत आलो. तू डोळ्याचं भिंग काढलंस, ते दोन हात लांब पितळ बघितलंस आणि विचारलंस, "हेका काटे खंय आसत?"

"चेष्टा नको. माका घाई आसा. लग्न आसा."

"नवरो पळान जाता काय? एकेक चावी दाबून दाखय बघया."

अर्धा तास मी चाव्या दाबत होतो आणि तू नुसता बघत होतास. बोट एक दाबलं की झाकणं दोन बसतात, हे मी दहा वर्षं बघत होतो. का बसतात ते मात्र तू मला दाखवलंस. एका चावीच्या दांडीला दुसरीची दांडी टेकलेली असते. दोन्ही झाकणं भोकांवर एकदमच बसली पाहिजेत. एक केसभर आधी बसलं तर दुसरं केसभर उघडं राहतं आणि वारा तिथून निसटतो.

"म्हंजे तू वायट वाजवणारो न्हय," तू म्हणालास. "वारो पळता."

माझ्या वाजवण्याबद्दल इतकं चांगलं तोवर कुणी बोललं नव्हतं.

मग तू वहिनीची शिवणाची सुई आणलीस, स्पिरिटच्या दिव्यावर ती निळी होईपर्यंत तापवलीस, मोडून लांबीला केलीस आणि चावी धरणाऱ्या बारक्या खांबात बसवलीस. झाकण टुणकन उघडलं. तिथून पुढे आपल्या किनाऱ्यावरच्या सगळ्या बँडवाल्यांची वाद्यं तुझ्याकडे यायला लागली. खाऱ्या वाऱ्यात सुया गंजणारच, आणि तू त्या बदलणारच. चाव्यांखालचं बूच तू फेणीच्या बाटल्यांच्या बुचांतून कापायचास. झाकणांतल्या गाद्या लोकरी नमद्याच्या, वर पातळ कातडं. म्हापशाचे, सावंतवाडीचे, मालवणचे लोक एसटीत मांडीवर वाद्य घेऊन तुझ्याकडे यायचे.

आणि तुला एकही गाणं वाजवता येत नव्हतं! दुरुस्ती झाली की तू डोळे मिटून सर्वांत खालचा एकच सूर फुंकायचास, श्वास संपेपर्यंत. कुठंही वारा पळत असेल तर तो सूर निघतच नाही, म्हणून तोच. शेजारचा शिंपी म्हणायचा, "इली बाबलाची म्हस." तुला त्याचं काही वाटत नसे.

जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढच्या वर्षी मास्तर थकले आणि त्यांनी आपलं वाद्य भाच्याला दिलं. माझ्यापाशी साठवलेले थोडे पैसे होते. तू म्हणालास, नवीन परवडणार नाही आणि परवडणारं नवीन वाजणार नाही, जुना बघू. आपण गोव्याला निघालो. आरोंद्यापर्यंत एसटी, तरीतून खाडी पार, पलीकडून म्हापशाची बस.

म्हापशाच्या दुकानात तो सोनेरी सॅक्सोफोन टांगलेला होता. नुसता झळाळत होता. माझा जीवच त्याच्यावर गेला. दुकानदार म्हणाला, जुना आहे पण नव्यासारखा आहे. तू तो मांडीवर घेतलास, एकेक चावी चिमटीत धरून हलवून बघितलीस, तोंडाकडची नळी, म्हणजे त्याची मान, डोळ्यांसमोर आडवी धरलीस, भोंग्यावरचं कोरीव फूल अंगठ्यानं चाचपलंस आणि हलकेच परत केलास. बाहेर आल्यावर मी तुझ्यावर उखडलो.

"कित्याक नको? इतको बरो दिसता!"

"दिसता. मान वाकलली आसा, कोणी तरी दाबून धरल्यान. आनि सगळो घासून चकचकीत केललो. फूल बघलंस? पुसट झालां. फूल घासलां तसे भोकांचे काठ पन घासले गेले. काठ एकसारखे नाय ऱ्हवले की गादी बसाची खंय? जुनां पितळ काळां आसलां तर भियाचां न्हय रे, सदा. चकाकता तेका भिया."

हे सगळं तू मला तेव्हाच सांगितलं होतंस. मला ठाऊक नव्हतं असं मी पुढे कधीच म्हणू शकलो नाही.

तिथल्याच एका वाजवणाऱ्यानं फिलूमावशीचा पत्ता दिला. पेडण्याच्या वाटेवर तिचं घर. तिचा नवरा मिंगेल मुंबईच्या हॉटेलांत सॅक्सोफोन वाजवायचा. तो गेल्यावर ती गावी परतली होती. माझगावात पंचवीस वर्षं काढल्यामुळे तिचं मराठी मुंबईचं. दारात आपल्याला बघून ती पहिलं काय म्हणाली आठवतं ना? "हात धुवून या. विहीर मागे आहे."

पेटी उघडली आणि माझा विरस झाला. पितळ काळपट, कुठं कुठं हिरवं. खालच्या सुरांची झाकणं भोंग्याच्या डाव्या बाजूला, म्हणजे खूप जुना. पण तू खिडक्या लावायला सांगितलंस आणि भरदुपारी केलेल्या त्या अंधारात बॅटरीच्या बारीक बल्बाला वायर जोडून तो वाद्याच्या आत सोडलास. ज्या झाकणांखालून उजेड बाहेर येत होता ती मोजलीस. सिगारेटचा कागद एकेका झाकणाखाली धरून ओढून बघितलास. मग खिडक्या उघडल्यास आणि तिला म्हणालास, "मावशे, ह्येचां अंग चांगलां आसा. मान सरळ आसा. भोकांचे काठ कोणी घासूक नाय. गाद्ये सगळे गेले, चार सुये गेले, तां सगळां करूक येता. पन खरां सांगतंय, ह्यो आमच्या ऐपतीपेक्षा मोठो आसा. मुंबैचो कोणी इलो तर तुका जास्ती देयत."

मी तुझ्या पायावर पाय दिला. तू पाय काढून घेतलास.

"मुंबईचा आला होता," ती म्हणाली. "त्यानं हात धुतले नाहीत."

तिनं सॅक्सोफोन आपल्याला दिला. देताना भोंग्याच्या काठापाशी बोट ठेवलं. तिथं फुलाच्या खाली वेडीवाकडी रोमन अक्षरं होती, मिंगेल. "हे त्यानं स्वतः कोरलं. आमच्या लग्नाच्या आधी, माझ्या बापाच्या घरी बसून, दाभणानं. माझा बाप ओरडला त्याला. तुम्ही हा वाजवायचा, कपाटात ठेवायचा नाही. आणि हे पुसायचं नाही."

"मावशे, तां नाव जावचां नाय," तू म्हणालास. मीही मान हलवली.

दोन वर्षं मी तो वाजवला. तसा आवाज मी आयुष्यात काढला नव्हता आणि पुन्हा काढणारही नाही. कुणकेश्वरापासून रेड्यापर्यंत लोक आमचा बँड मागायला लागले. तू लग्नाला आमच्याबरोबर यायचास, खिशात हत्यारांची पुरचुंडी घेऊन, कारण वाटेत काही ना काही तुटायचंच. मंडपाच्या मागे खुर्ची टाकून बसायचास. जेवताना बँडवाल्यांच्या पंगतीत वाढपी तुला विचारायचा, तुमी काय वाजयतास? तू म्हणायचास, "मी नाय वाजवन." तुझ्या चेहऱ्यावरचं तेव्हाचं समाधान मला अजून दिसतं.

मग ते कुवेतवाल्यांचं लग्न आलं. मंडपाच्या तोंडाशी नवऱ्या मुलाच्या मामानं मला अडवलं आणि चारचौघांत म्हणाला, "ह्यां काळां भांडां घेवन कित्याक इलंस? घासूक चिंच नाय गावली?" वऱ्हाड हसलं. बँडमधलेही हसले. तू त्या दिवशी नव्हतास. वहिनीच्या ऑपरेशनसाठी महिनाभर मुंबईला होतास. तू असतास तर काहीतरी बोलून तो मामा गप्प केला असतास आणि मी विसरलो असतो. मी मात्र तो शब्द घरी घेऊन आलो, आठ दिवस घोळवला आणि मग शाळेत रजा टाकून सॅक्सोफोन घेऊन घाट चढलो. तिकडे एका कारखान्यात भांड्यांना, समयांना मुलामा देत. मालक म्हणाला, "आरसा करून देतो."

आता लिहितो ते तुला मी कधीच सांगितलं नाही. मी त्याला म्हणालो, "तेवढं नाव मात्र..." त्यानं विचारलं, "कसलं नाव?" मी भोंगा वळवून बघितला. त्या झळाळीत ती वेडीवाकडी अक्षरं ओरखड्यासारखी दिसतील असं मला वाटलं. मी म्हणालो, "काही नाही. करा."

तू समजत होतास की मी विसरलो. मी विसरलो नव्हतो.

आठ दिवसांनी आरसा हातात आला. घाट उतरायच्या आधी एका झाडाखाली मी तो फुंकला आणि तो वाजला नाही. वरचे दोन-तीन सूर कसेबसे निघाले. खाली नुसता वारा. चाव्या उपटून काढताना त्यांनी दांड्या वाकवल्या होत्या, भोकांचे काठ चाकावर घासून खालीवर झाले होते. मी त्यात तोंड बघितलं असतं तर दिसलं असतं, इतका चकचकीत.

तू मुंबईहून आलास आणि मी तो तुझ्या टेबलावर ठेवला. तू भोंग्याच्या काठावर अंगठा फिरवलास. परत एकदा फिरवलास. मग वाद्य माझ्या हातात देऊन दुकानाच्या फळ्या लावल्यास आणि घरी गेलास. सकाळचे अकरा वाजले होते, बाजाराचा दिवस होता. पाचव्या दिवशी शाळेच्या वाटेवर तू हाक मारून वाद्य पुन्हा आणायला सांगितलंस, "सदा, तां हाड हंय."

तो सगळा पावसाळा तू त्या वाद्यापाशी काढलास. जाड काचेच्या तुकड्यावर पॉलिशकागद चिकटवून एकेक काठ सपाट केलास. कुठं पितळ इतकं पातळ झालं होतं की तू श्वास रोखून धरायचास. दांड्या सरळ केल्यास. सगळ्या गाद्या नव्यानं कापल्यास. मी शाळा सुटली की येऊन शेजारी बसायचो, म्हणशील ते धरायचो. नावाबद्दल तू एक अक्षर काढलं नाहीस. शेवटी मीच म्हणालो, "बाबल, तूच कोर मां परत. तुझो हात इतको बारीक. कोणाक कळाचां नाय."

तू मान वर केली नाहीस. "मी मिंगेल न्हय," एवढंच म्हणालास.

दसऱ्याला सॅक्सोफोन वाजला. पहिल्यासारखा नाही, पण वाजला. त्याच हिवाळ्यात वेंगुर्ल्यात ख्रिश्चनांच्या घरी लग्न होतं, आपल्या बँडला बोलावणं होतं. नवरी फिलूमावशीची भाची आहे हे आपल्याला ठाऊक नव्हतं. चर्चमधून वरात घरी आली, आम्ही एक गाणं संपवलं आणि ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. किती आनंदात होती! "वाजवतोस तू," म्हणाली. "मी बाहेरून ओळखला आवाज." मग पर्समधून चष्मा काढला, भोंगा दोन्ही हातांनी धरला आणि नाव शोधू लागली. आधी डोळ्यांनी, मग बोटांनी.

"नाव कुठे आहे?"

मी चाव्यांकडे बघत राहिलो. तू मागून पुढे आलास.

"मावशे, माझ्या हातसून गेलां. दुरुस्त करताना घासलंय."

"तू सांगितलं होतंस, जाणार नाही."

"होय."

"मग?"

"चुकलंय मी."

सगळा बँड ऐकत होता. तिनं चष्मा पर्समध्ये ठेवला आणि आमच्याकडे पाठ करून लांब जाऊन बसली. जेवायला थांबली नाही. मी दोन तास वाजवत होतो.

परत येताना मी तुला विचारलं, "कित्याक रे तसां सांगलंस?"

"तुका अजून दोन तास वाजवचां होतां. भियालेल्या मानसाची फुंक ऱ्हवत नाय. तेंचां लग्न फुकट गेलां असतां."

"आनि आता?"

"आता तू जा आनि तिका सांग. तुझां तू सांग. घाई नाय."

घाई नाही म्हणालास, म्हणून मी तीन वर्षं घेतली.

सुरुवातीला तू विचारायचास, गेलंस काय? मी म्हणायचो, परीक्षा चालू आहेत. पाऊस आहे, खाडीवरची तर बंद आहे. पोरीला बघायला येणार आहेत. एकदा तू फारच मागे लागलास तेव्हा मी चिडून म्हणालो, "सांगून काय होतलां? नाव येतलां परत?"

"नाव नाय येवचां. पन तू माझ्यावांगडा बोलताना खाली बघतंस, तां तरी थांबात."

मी तरातरा निघून गेलो. दुसऱ्या दिवशी आपण नेहमीसारखे बोललो, आणि तू तो विषय पुन्हा काढला नाहीस. आपलं भांडण तिथंच अडकून पडलं.

दरम्यान बँडवाल्यांनी ऐकलेलं पसरत गेलं. बाबलानं एवढा जुना सॅक्सोफोन घासून टाकला. बाबलाचा हात बिघडला. म्हापशाचे लोक यायचे थांबले, मग मालवणचे. आपल्या ट्रंपेटवाल्यानंही वाद्य बेळगावला पाठवायला सुरुवात केली. त्याच वर्षांत आखातातून येणाऱ्यांनी सेलवरची आकड्यांची घड्याळं आणली, बिघडली की टाकून देण्याची. तुझ्या टेबलावर भिंग पालथं पडलेलं असायचं आणि तू रस्त्याकडे बघत बसलेला असायचास. मी येता-जाता हात करायचो. मला सगळं दिसत होतं, बाबल. मी एक वाक्य बोललो असतो तर तुझ्या दाराशी परत वाद्यं आली असती. मी ते वाक्य रोज शाळेत नेत होतो आणि रोज परत घरी आणत होतो.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी तुझ्यापाशी बसलो होतो. तुला दम लागत होता. तरी तू विचारलंस, "वरच्या सुरांची चावी अडकता काय अजून?" मी म्हटलं, नाही. तू म्हणालास, "पावसात अडकात. बूच फुगता." बाहेर कुणीतरी नारळ सोलत होतं, त्याचा आवाज येत होता. मी ठरवलं, आता सांगतो की जाईन, उद्याच जाईन. मी तोंड उघडलं आणि नर्स सलाईन बघायला आली. मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. सकाळी तू नव्हतास.

काल मी गेलो.

तीच एसटी, तीच तर. फिलूमावशी खूप वाकली आहे. तिनं मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं, कारखान्यातल्या मालकानं विचारलं तेव्हा मी काय म्हणालो तेसुद्धा. मग ती म्हणाली, "आणि तो? तो का नाही आला तुझ्याबरोबर?"

मी सांगितलं.

ती खुर्चीच्या हाताला धरून खाली बसली. "तीन वर्षं," ती म्हणाली, "तीन वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या. चर्चमध्ये बसूनसुद्धा. मिंगेलला सांगायची, त्या घड्याळवाल्यानं तुला पुसलं. आता मी कोणाला सांगू की मी चुकले? तू आज आलास? तो गेल्यावर आलास?"

ती मला बोलत राहिली. अर्धं मराठीत, अर्धं कोंकणीत, मध्येच रडत. मी उभा होतो. तिनं मला बस म्हटलं नाही आणि मी बसलो नाही. खूप वेळानं ती थांबली, आत गेली आणि बाहेर जायचा झगा घालून, छत्री घेऊन आली. "त्याची बायको आहे ना? मला तिच्याकडे घेऊन चल."

दुपारी दोनला आम्ही तुझ्या घरी पोचलो. वहिनी ओटीवर बसली होती. फिलूमावशी तिच्याजवळ जमिनीवरच बसली आणि मला म्हणाली, "सांग." मी दुसऱ्यांदा सांगितलं.

वहिनीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "माका पन तेंनी ताच सांगल्यानी. आपल्या हातसून गेलां म्हनान. मी रोज मागे लागलंय, तुमचे डोळे गेले, डोळे दाखवा. सावंतवाडीक जावन नवो चष्मो केल्यानी." तिनं पदर सारखा केला. "माझ्या समाधानाक केल्यानी. तेंचे डोळे बरे होते."

फिलूमावशीनं तिचा हात हातात घेतला. दोघींची ती पहिलीच भेट, पण त्या खूप वेळ तशाच बसल्या. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. निघताना वहिनी दारापर्यंत आली. "भावजी, तुमी आज सांगलास तां बरां केलास," ती म्हणाली. "पन ते आसताना सांगूक व्हया होतां." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला रस्ता दिसला असता.

मावशी भाचीकडे राहिली. आज सकाळी मी ट्रंपेटवाल्याकडे गेलो. मग मास्तरांकडे. मग शिंप्याकडे, कारण त्याच्या दुकानातूनच सगळी बातमी फिरते. बाजारात भेटतील त्या बँडवाल्यांना थांबवून सांगितलं, बाबलानं घासलं नव्हतं, मी घासून आणलं होतं, आणि बाबलानं ते परत वाजतं केलं. मालवणच्या आणि म्हापशाच्या लोकांना पत्रं टाकली. ट्रंपेटवाला खाली बघत राहिला. शिंपी म्हणाला, "जांव दे आता, मानूस गेलो." कुणी मला दोन शब्द वाईट बोललं नाही. एकेकाला सांगायला दोन-दोन मिनिटं लागली.

सोपं होतं, बाबल. मला वाटत होतं त्यापेक्षा कितीतरी सोपं. तू दुकानात बसून रस्त्याकडे बघत होतास तेव्हाही ते इतकंच सोपं होतं, हे मला आज दुपारी कळलं, आणि आता या कळण्याचं मी काय करू ते मला कळत नाही.